राउटर घ्यायचा की स्विच? चिऱ्याचं घर, माडीवर नेट पोचत नाही

ओटीपडवी | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आमचं घर खेड तालुक्यात, जुनं चिऱ्याचं. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि माजघरावर माडी. भिंती दीड फूट जाड. गेल्या वर्षी गावात फायबर आलं, आम्ही सेकंदाला ३०० मेगाबिट वेगाचा प्लॅन घेतला. जोडणीला आलेल्या माणसाने डबा ओटीवर देवळीशेजारी बसवला, कारण तार आत घ्यायला खिडकी तिथेच होती. ओटीवर मोबाईलवर २८० दिसतात, माजघरात ६०-७०, आणि माडीवर ५-६, तेही जिन्याच्या दाराशी उभं राहिलं तर.

ह्यांचं काम आता कायमचं घरून झालंय आणि टेबल माडीवर, कारण खाली सासूबाईंचा टीव्ही आणि माणसांची ये-जा. मीटिंगमध्ये आवाज तुटायला लागला, म्हणून तालुक्याच्या दुकानातून दुसरा राउटर आणला, १२०० रुपयांचा. दुकानदाराने सांगितलं की खालच्या डब्यातून केबल काढा, ह्याच्या निळ्या भोकात घाला, काम झालं. दिराने रविवारी १८ मीटर केबल वाशांच्या कडेने ओढून दिली. माडीवर नेट आलं. पण दोन अडचणी उभ्या राहिल्या.

पहिली म्हणजे प्रिंटर टेबलाबरोबर माडीवर गेला. मी शिक्षिका आहे, प्रश्नपत्रिका मोबाईलवरून छापते. ओटीवर बसून छापायला गेलं की प्रिंटर सापडत नाही म्हणतो. तोच मोबाईल घेऊन माडीवर गेलं आणि तिथलं वायफाय पकडलं की लगेच सापडतो. दुसरी अडचण अशी की ह्यांच्या कॉम्प्युटरला थेट तार लावूनही स्पीड ९४च्या वर जात नाही.

दीर म्हणतो, राउटर नको होता, स्विच हवा होता. दुकानदार म्हणतो, स्विच ऑफिसात लागतो, घरी राउटरच. राउटर तो परत घेणार नाही. नक्की काय करावं? नीट समजून घ्यायचंय, नुसतं “हे घ्या” नको.

पेठकर | शनिवार, रात्री ९:३२

मी मेश घेतलं, म्हणजे घरभर एकच वायफाय पसरवणारे दोन डबे. तार नाही, खिळे नाहीत, दहा मिनिटांत चालू. पुण्यात ८५० चौरस फुटांचा फ्लॅट आहे, कोपऱ्याकोपऱ्यात रेंज येते. राउटर की स्विच ह्या वादात पडूच नका.

आठपदरी | शनिवार, रात्री १०:२०

ओटीपडवी ताई, तुमचे दीर बरोबर आहेत. पण आणलेला राउटरही वाया जाणार नाही. सविस्तर लिहितो, कारण हा गुंता मी आठवड्यातून दोनदा तरी सोडवतो. कोल्हापुरात हेच काम करतो, १४ वर्षं झाली.

आधी ओटीवरच्या डब्याकडे बघा. सगळे त्याला राउटर म्हणतात, पण त्या एका खोक्यात चार जण नांदतात. एक जण फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचं विजेच्या संदेशात रूपांतर करतो. दुसरा खरा राउटर. तिसरा वायफाय. आणि चौथा म्हणजे मागच्या बाजूची चार पिवळी भोकं, तो स्विच. म्हणजे तुमच्या घरात राउटर आणि स्विच दोन्ही पहिल्या दिवसापासून आहेत. प्रश्न एवढाच की माडीवर त्यातलं नक्की काय कमी पडलंय.

राउटरचं काम पोस्टाच्या पत्त्यावरून कळतं. तुमच्या घराला बाहेरून एकच पत्ता आहे, मु. पो. अमुक, ता. खेड, जि. रत्नागिरी. घरात माणसं सात असली तरी पाकिटावर पत्ता तोच. आतलं पत्र कोणाचं, हे घरातलं कोणीतरी बघून हातात देतं. नेटवाली कंपनीही तुमच्या घराला एकच पत्ता देते. आत मोबाईल, टीव्ही, कॉम्प्युटर, प्रिंटर मिळून दहा-पंधरा वस्तू असतात. त्यांना १९२.१६८ ने सुरू होणारे घरगुती पत्ते वाटणं, त्यांची मागणी बाहेरच्या एका पत्त्यावरून पाठवणं, आणि आलेलं उत्तर ज्याचं त्याला देणं, हे सगळं राउटर करतो. ह्या अदलाबदलीला नॅट म्हणतात. घराला असा एकच कारभारी पुरतो.

स्विचला बाहेरच्या जगाशी देणंघेणं नाही. तो घरातल्या घरात काम करतो. प्रत्येक वस्तूच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच एक क्रमांक मिळालेला असतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. कोणता क्रमांक कोणत्या भोकाच्या पलीकडे आहे हे स्विच येणाऱ्या-जाणाऱ्या निरोपांवरून आपोआप शिकतो आणि पुढचा निरोप नेमका त्याच भोकातून सोडतो. त्याला पासवर्ड नाही, सेटिंग नाही, पत्ते वाटणं नाही. एका तारेचे चार फाटे करून देतो, बस.

आता तुमच्या प्रिंटरचं. दुकानदाराने तार निळ्या भोकात घालायला सांगितली. निळं भोक म्हणजे वॅन, बाहेरच्या जगाचं दार. त्यामुळे माडीवरच्या राउटरला वाटतं की तुमची ओटी हेच इंटरनेट आहे. त्याने माडीचं वेगळं बिऱ्हाड मांडलं, स्वतःचे वेगळे पत्ते वाटले आणि दाराला कडी लावली. माडीवरून खाली आणि बाहेर जाता येतं, म्हणून नेट चालतं. पण खालून वर कोणी हाक मारली तर तो ती परक्याची समजून सोडून देतो. प्रिंटर आत, तुमचा मोबाईल कडीच्या बाहेर. प्रिंटरमध्ये काहीही बिघाड नाही.

उपाय असा. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये “ॲक्सेस पॉइंट मोड”, म्हणजे कारभार न करता फक्त वायफाय द्यायची सोय, आहे का बघा. असेल तर तो निवडा, बाकीचं तो स्वतः करतो. नसेल तर हाताने करावं लागेल, आणि क्रम चुकवू नका. आधी खालून आलेली तार काढून ठेवा. कॉम्प्युटर ह्या राउटरच्या पिवळ्या भोकाला जोडा. त्याचा स्वतःचा पत्ता बदलून खालच्या डब्याच्या वस्तीतला करा, खालचा १९२.१६८.१.१ असेल तर ह्याला १९२.१६८.१.२ द्या. खालचा डबा कुठून कुठपर्यंत पत्ते वाटतो तेही बघून घ्या, .२ त्यात येत असेल तर त्या हद्दीबाहेरचा आकडा घ्या. नंतर ह्याची डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायची सोय, बंद करा. सगळ्यात शेवटी खालून आलेली तार एखाद्या पिवळ्या भोकात घाला. निळं भोक रिकामं राहील आणि ते रिकामंच राहू दे. मग ह्या यंत्रातला कारभारी गप्प बसतो, त्यातला स्विच आणि वायफाय तेवढे चालू राहतात. घरात पुन्हा एकच कारभारी.

पेठकर, तुमच्या फ्लॅटमध्ये मेश उत्तम चालत असेल, पण इथे भिंत दीड फूट जांभ्याची आहे. मेशचे दोन डबे हवेतूनच एकमेकांशी बोलतात. ज्या भिंतीत मोबाईलची रेंज मरते तिथे त्यांचीही मरते. ताईंच्या दिरांनी तार ओढून सगळ्यात अवघड काम आधीच केलंय.

ओटीपडवी | शनिवार, रात्री १०:५१

इतकं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. बिऱ्हाडाचं उदाहरण सासूबाईंनाही वाचून दाखवलं, त्यांना लगेच पटलं. उद्या करून बघतो. मग स्विच घ्यायलाच नको ना? दुसऱ्या राउटरला चार भोकं आहेतच. आणि माजघरातल्या टीव्हीलाही तार ओढावी का?

आठपदरी | शनिवार, रात्री ११:१५

१२००चा राउटर म्हणजे त्याची भोकं बहुतेक १०० मेगाबिटची असणार. खोक्यावर मोठ्या अक्षरात ३०० लिहिलेलं असतं, पण तो वायफायचा आकडा. तारेचा आकडा खाली बारीक अक्षरात, १०/१०० असा. १००च्या भोकातून प्रत्यक्षात ९४-९५च येतात. तुमचा ९४ तिथूनच आलाय असं दिसतंय.

म्हणून माडीवर पाच भोकांचा गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिटचा, स्विच घ्या. खालून आलेली तार स्विचमध्ये. स्विचमधून एक तार ह्यांच्या कॉम्प्युटरला, एक प्रिंटरला, एक राउटरला, म्हणजे आता जो फक्त वायफाय देणार आहे त्याला. कॉम्प्युटरला पूर्ण ३०० मिळतील. मोबाईलला त्या राउटरमधून ९४ मिळाले तरी काही बिघडत नाही.

घेताना “फास्ट इथरनेट” ह्या नावाला भुलू नका. इथरनेट म्हणजे तारेने यंत्रं जोडायची पद्धत. १९९५मध्ये १०० मेगाबिट खरोखरच फास्ट होतं, नाव तेव्हाचं आहे. तांब्याच्या साध्या केबलवरून गिगाबिट नेण्याचं मानक १९९९मध्येच आलं. खोक्यावर १०/१००/१००० असं लिहिलेलं बघूनच पैसे द्या. हजार-दीड हजारात चांगला येतो, लोखंडी पेटीचा मिळाला तर तो घ्या.

खालून वर एकच तार आहे म्हणून काळजी नको. तिची क्षमता १००० आणि तुमचं नेट ३००, वाट अरुंद पडत नाही. स्विचने नेटचा वेग वाढत मात्र नाही. जे ३०० येतात तेच सगळे मिळून वापरणार. टीव्हीला तारेची गरज नाही, माजघरात ६०-७० येतात आणि फोर-केला १५ ते २५ पुरतात. शिवाय बऱ्याच टीव्हींचं तारेचं भोक १००चंच असतं.

गोदाकाठ | रविवार, सकाळी ६:४५

आठपदरींनी नेमकं लिहिलंय. मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो, नाशिकला असतो. थोडी भर घालतो.

स्विचच्या आधी हब असायचे. दिसायला अगदी स्विचसारखेच, पण एका भोकातून आलेला निरोप ते सगळ्या भोकांतून ओरडून सांगायचे. ज्याचा असेल तो घेईल, बाकीचे सोडून देतील. वाडीत एकाला बोलवायचं म्हणून देवळाच्या पायरीवर उभं राहून हाक मारावी तसं. दोघांनी एकदम हाक मारली की दोन्ही फुकट, पुन्हा पहिल्यापासून. यंत्रं वाढली की अख्खं ऑफिस मंदावायचं. मी हे पाहिलंय, सकाळी दहानंतर एक फाईल उघडायला चहा संपायचा.

ज्याचा निरोप त्यालाच देणारा पहिला इथरनेट स्विच १९९०मध्ये बाजारात आला. तो आणणाऱ्या अमेरिकेतल्या कंपनीचं नाव होतं कल्पना. विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक, आणि त्यांनी पत्नीचं नाव कंपनीला दिलं होतं. त्या स्विचला सात भोकं होती. १९९४मध्ये नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. आज हजार रुपयांना मिळणाऱ्या ह्या पेटीच्या पहिल्या कंपनीचं नाव आपल्याकडच्या एका बाईचं होतं, हे मला फार मोलाचं वाटतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

एक धोक्याची गोष्टही सांगतो. स्विचच्या एका भोकातून निघालेली तार फिरून त्याच स्विचच्या दुसऱ्या भोकात जाता कामा नये. लोक सुटं टोक लोंबकळतंय म्हणून नीटनेटकेपणासाठी खोचून टाकतात. मग सगळ्यांसाठीचा एखादा निरोप गोल गोल फिरत राहतो, प्रत्येक फेरीत वाढतो, आणि मिनिटभरात अख्खं घर बंद. महागड्या स्विचमध्ये हे चक्र ओळखून तोडायची सोय असते. ती पद्धत रेडिया पर्लमन ह्या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी १९८५मध्ये शोधली. घरगुती साध्या स्विचमध्ये ती बहुधा नसते. सगळे दिवे एकदम, एकाच तालात लुकलुकायला लागले तर आधी हेच तपासा.

पेठकर | रविवार, सकाळी ९:०५

जांभ्याच्या भिंतीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, सल्ला मागे घेतो. पण एक शंका. आमच्या जुन्या घरी गच्चीवरच्या पेटीतून केबलवाल्याची तार यायची. ती स्विचमध्ये लावून तिथून दोन खोल्यांत दोन कॉम्प्युटर जोडले होते, तर एका वेळी एकच चालायचा. असं का?

आठपदरी | रविवार, सकाळी ९:४०

तिथे कारभारीच नव्हता. केबलवाला एका गिऱ्हाईकाला एकच पत्ता देतो, बरेचदा युजरनेम-पासवर्ड टाकून किंवा एकाच मॅक पत्त्याला बांधून. स्विच पत्ता वाटून देऊ शकत नाही, त्यामुळे जो आधी आत शिरला तो चालला आणि दुसरा ताटकळला. म्हणून क्रम कायम हाच: बाहेरची तार, मग राउटर, मग स्विच. स्विच राउटरच्या अलीकडे कधीच नाही.

कातळफूल | रविवार, सकाळी ११:२०

राजापूरहून. ताई, एक कळकळीची विनंती. घराच्या बाहेरून, म्हणजे गोठ्याकडे किंवा विहिरीकडे तांब्याची केबल न्यायचा विचार असेल तर आधी माझं वाचा.

आमच्या आंब्याच्या खळ्यावर कॅमेरा लावला होता. घरापासून ४० मीटर. आठ तारांची केबल कलमांवरून बांधत नेली. मे महिन्याच्या शेवटी संध्याकाळी गडगडाट सुरू झाला आणि शेजारच्या माडावर वीज पडली. आमच्या घरावर नाही, माडावर. तरी कॅमेरा गेला, स्विच गेला, आणि स्विचला जोडलेल्या टीव्हीचं तारेचं भोक कायमचं मेलं. स्विच उघडला तेव्हा आत ज्या भोकाला ती बाहेरची केबल होती त्याच्या मागे काळा डाग होता आणि जळका वास येत होता. खांबावरून येणारं फायबर मात्र शाबूत, डबाही शाबूत, कारण काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. डबा आणि स्विच जोडणारी तार नेमकी त्या दिवशी काढलेली होती म्हणून तो वाचला.

आता खळ्यापर्यंत फायबर ओढलंय. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे प्रकाशाचा संदेश तारेचा आणि तारेचा प्रकाशाचा करणारी पेटी, आणि तिथून पुढे छोटी तार. दोन पावसाळे गेले, काही झालं नाही. घराच्या आत तांबं खुशाल वापरा. पण दोन इमारतींच्या मध्ये तांबं नको, कोकणात तर नकोच.

दूरदेशी | रविवार, दुपारी ३:१५

कॅमेऱ्याचा विषय निघाला म्हणून. मी जर्मनीत, आईबाबा सांगलीला. घरचा कॅमेरा इथून दिसावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडायला दोन रविवार घालवले. शेवटी कळलं की सांगलीच्या राउटरला बाहेरून मिळालेला पत्ताच १००.७२ ने सुरू होतो. १००.६४ ते १००.१२७ ह्या पट्ट्यातला पत्ता म्हणजे कंपनीने स्वतःच्या बाजूला आणखी एक कारभारी बसवलाय आणि अनेक घरांना मिळून एक पत्ता दिलाय. तिथे आपण घरात काहीही बदललं, राउटर महागातला आणला तरी बाहेरून थेट आत येता येत नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीचं ॲप किंवा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरूनच घरापर्यंत काढलेली खासगी वाट, हाच मार्ग. मी घरी नेहमी चालू असलेल्या एका छोट्या कॉम्प्युटरवर व्हीपीएन टाकलं, आता रात्री झोपण्याआधी अंगण दिसतं.

ओटीपडवी | रविवार, संध्याकाळी ७:३०

आज दिवसभर हेच केलं. आठपदरींनी सांगितल्या क्रमाने दुसऱ्या राउटरचा पत्ता बदलला, डीएचसीपी बंद केली, तार पिवळ्या भोकात घातली. पाच मिनिटं काहीच होईना, मग दोन्ही मोबाईलचं वायफाय बंद-चालू केलं आणि लागलं. ओटीवरून पहिली प्रश्नपत्रिका छापली, इयत्ता सहावी, भूगोल. माडीवर प्रिंटरचा आवाज आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “वरच्यांनी कडी काढली वाटतं.”

दुपारी दीर चिपळूणला जाऊन १०/१००/१००० बघून पाच भोकांचा स्विच घेऊन आला. जोडला, सगळं चालतं. पण कॉम्प्युटरवर अजूनही ९४! राउटर मधून काढला, तार स्विचमधून थेट कॉम्प्युटरला, तरी ९४. आता काय?

आठपदरी | रविवार, संध्याकाळी ७:५५

स्विचवरचे दिवे बघा. बऱ्याच स्विचमध्ये गिगाबिटला एक रंग असतो आणि १००ला दुसरा. कोणता कशाचा ते खोक्यावर लिहिलेलं असतं. खालून आलेल्या तारेच्या भोकाचा रंग कोणता आणि कॉम्प्युटरच्या भोकाचा कोणता, ते सांगा.

ओटीपडवी | रविवार, रात्री ८:०५

कॉम्प्युटरचा हिरवा. खालून आलेल्या तारेचा नारिंगी. खोक्यावर हिरवा १०००, नारिंगी १००.

आठपदरी | रविवार, रात्री ८:३०

मग दोष बहुतेक १८ मीटरच्या तारेत आहे, माडीवरच्या यंत्रांत नाही. खालच्या डब्याचं भोक १००चं असू शकतं, पण ओटीवर तारेने लॅपटॉप जोडून बघितलं की तेही कळेल. तिथे २८० आले तर तारच.

केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, नेहमीच्या क्रमात नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी तुटली किंवा पिनेला टेकली नाही तरी दोन्ही टोकांची यंत्रं आपसात ठरवून १००वर उतरतात. नेट चालू राहतं, म्हणून कोणाला संशय येत नाही. म्हणून ९४ हा आकडा दिसला की माझा हात आधी केबलकडे जातो. तुमच्या बाबतीत राउटरची भोकंही १००ची होती, त्यामुळे तारेचा दोष त्याच्या मागे दडून राहिला. काल मीच राउटरवर बोट ठेवून थांबलो, तार तपासायला कालच सांगायला हवं होतं.

दोन्ही टोकांची जोडणी प्रकाशात धरा. पारदर्शक प्लास्टिकमधून आठही तारांची तांब्याची टोकं शेवटपर्यंत पोचलेली दिसायला हवीत. रंगांचा क्रम, पिना आपल्याकडे आणि खटका पलीकडे धरून डावीकडून: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. मग जिथे तार वळते आणि जिथे खिळ्याने दाबलीय तिथे बोटाने चाचपत जा.

केबल कोणती आहे तेही बघा, बाहेरच्या आवरणावर छापलेलं असतं. सीसीए लिहिलं असेल तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, वळवली की लवकर तुटते. निखळ तांब्याची कॅट-६ घ्या, आत कायमची ओढायची असेल तर दहा रुपये वाचवू नका.

ओटीपडवी | सोमवार, रात्री ८:४०

सापडलं! ओटीवर तारेने २८७ आले, म्हणजे डबा ठीक. दिराने बॅटरी घेऊन वाशाच्या कडेने केबल चाचपली. जिन्याच्या वरच्या वळणावर खिळ्याची क्लिप जोरात ठोकलेली होती, तिथे केबल चपटी झाली होती. क्लिप काढून आवरण उभं चिरलं तर पांढरी-तपकिरी तार आत तुटलेली, दोन टोकं एकमेकांपासून तांदळाच्या दाण्याएवढी लांब. आवरणावर सीसीए छापलंय.

शाळेत कॉम्प्युटर लॅबचं काम करणारे एक दादा आहेत, त्यांच्याकडून क्रिम्पिंगचा, म्हणजे तारेच्या टोकाला जोडणी दाबून बसवायचा, चिमटा आणला. चपटा भाग कापला. माडीच्या बाजूला दीड मीटर वेटोळं जास्तीचं होतं, तेवढं पुरलं. आठ तारा ओळीत लावताना माझ्याकडून एकदा निळी आणि हिरवीची अदलाबदल झाली, दुसऱ्या खेपेला बरोबर बसलं. स्विचवरचा दिवा हिरवा. कॉम्प्युटरवर २८९.

एक शेवटचं. इथे लाईट रोज जाते. खालच्या डब्याला छोटा यूपीएस आहे. आज संध्याकाळी लाईट गेली तर डबा चालू, पण माडीवर नेट बंद.

गोदाकाठ | सोमवार, रात्री ९:०२

साखळीतल्या प्रत्येक पेटीला वीज लागते, ताई. डबा चालू असला तरी स्विच झोपला की त्याच्या पुढचं सगळं झोपलं. माडीवरही एक छोटा यूपीएस ठेवा, स्विच आणि राउटर दोन्ही त्यावर. पाच भोकांचा स्विच अगदी थोडी वीज खातो, तासन्‌तास निघतात.

पण व्होल्टेज वाचल्याशिवाय जोडू नका. राउटरचा ॲडॅप्टर बरेचदा ९ किंवा १२ व्होल्टचा असतो, छोट्या स्विचचा ५चा. पिना सारख्याच दिसतात आणि एकमेकांत बसतातही. १२ची पिन ५च्या स्विचमध्ये गेली की स्विच गेलाच समजा. ५, ९, १२ अशी वेगवेगळी तोंडं असलेला यूपीएस मिळतो, तो घ्या. आणि आजच प्रत्येक पिनेला रंगीत दोरा बांधा, तोच रंग यंत्रालाही. अंधारात बॅटरी तोंडात धरून जोडताना तोच उपयोगी पडतो.

ओटीपडवी | मंगळवार, सकाळी ७:१०

दोरे बांधले. स्विचला लाल, राउटरला पिवळा. यूपीएस शनिवारी बाजाराला गेल्यावर आणू. सीसीएची केबल दिवाळीच्या सुट्टीत बदलायची, तोपर्यंत त्या वळणावर खिळा न ठोकता सुतळीने सैल बांधलीय. ह्यांची आत्ता साडेसहाची मीटिंग झाली, आवाज एकदाही तुटला नाही. गोठ्यात कॅमेरा लावायचा विचार होताच, कातळफूल ताईंचं वाचून तांब्याचा बेत रद्द. मीडिया कन्व्हर्टरचं वेगळ्या धाग्यात विचारते.

कातळफूल | मंगळवार, सकाळी ७:४४

विचारा नक्की. आणि ताई, मी दादा आहे.